काळवीट, वेडी बाभूळ आणि लेंड्यांचे ढीग : एका प्रतिक्रियेला उत्तर

वेडी बाभूळ, म्हणजे माळावर बेसुमार वाढणारं बाहेरून आलेलं काटेरी झाड, काळवीट पसरवतो, असं आम्ही म्हटलं होतं. त्यावर, गावच्या शेळ्या-मेंढ्यांचं हे पाप आम्ही काळविटाच्या माथी मारतो, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात बी शाबूत राहीलच कसं, असाही तुमचा प्रश्न आहे.

आधी पोटाचं बघू. वेड्या बाभळीची पिकलेली शेंग गोड असते, पण आपोआप तडकत नाही. आत प्रत्येक बी टणक कवचात असतं आणि बियाची सालही पाणी आत शिरू देत नाही. चावताना, रवंथ करताना काही बिया भरडल्या जातात, हे तुमचं खरं. उरलेल्यांचं कवच सुटतं, साल झिजते आणि पाऊस पडला की त्या उगवतात. झाडाखाली पडून राहिलेल्या शेंगांतलं बी मात्र बरेचदा भुंगे पोखरतात.

आता शेळ्या. पाळीव जनावरं बी पसरवतात, यावर वाद नाहीच. फरक आहे तो बी कुठे पडतं याचा. शेळीच्या बऱ्याचशा लेंड्या वाटेवर नाहीतर वाड्यात पडतात. काळविटाचा नर मोकळ्या माळावर आपला इलाखा राखतो आणि पुन्हा पुन्हा ठरावीक जागी लेंड्या टाकतो. गुजरातेतल्या वेळावदरच्या राष्ट्रीय उद्यानात तर असे कितीतरी नर शेजारी-शेजारी इलाखे धरून बसतात. तिथला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या इलाख्यांत वेड्या बाभळीचं बी बाकीच्या माळापेक्षा खूप जास्त साचलेलं आढळलं. म्हणजे बाभूळ नव्हती तिथेच बी, तेही खतासकट! उघड्या माळावर जगणारा प्राणी स्वतःच्याच माळात झाडी पेरतोय.

म्हणून काळवीट हाकलायचा नाही, त्याच्या तोंडी जाणाऱ्या शेंगा कमी करायच्या. इलाख्यांच्या आसपासची झाडं आधी काढायला घ्या, आणि शेंगा पिवळ्या पडण्याआधी. नुसता बुंधा कापलात तर दुप्पट फुटवे येतील, कारण कोंब फुटणारा भाग जमिनीखालीही असतो. वीत-दीड वीत उकरून तो मुळाच्या माथ्यासकट काढावा लागतो. तोडलेल्या फांद्या शेंगांसकट कुंपणाला लावू नका, हे तर सर्रास होतं. पावसाळ्यात लेंड्यांचे ढीग तपासा आणि जमीन ओली आहे तोवर, रोपं वीतभर व्हायच्या आत, ती मुळासकट उपटा. टणक बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे ही फेरी पुढचे काही पावसाळे चुकवता येत नाही.