बंगारू लक्ष्मण ‘बिचारे’ होते म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरायची वेळ आली की भ्रष्टाचारावरचे असले मेसेज उपटतातच. मजकूर थोडक्यात असा: भाजपचे माजी अध्यक्ष बंगारू लक्ष्मण हे देशातल्या राष्ट्रीय पक्षाचे पहिले दलित अध्यक्ष. मंत्रिपद नसताना त्यांना लाचेत गोवलं. घेतलेले पैसे पक्षनिधीचे होते, तेही फक्त एक लाख. बाकी सगळे सुटले, यांचाच बळी गेला. शेवटी हायकोर्टानं निर्दोष सोडलं. आणि त्यांच्यावर झालं तसं छुप्या कॅमेऱ्याचं स्टिंग आज कुणी केलं असतं तर पत्रकारच आत गेले असते. दहा जणांना पाठवा, वगैरे.

सोपं ते आधी उरकतो. ‘पहिले दलित अध्यक्ष’ हे भाजपपुरतं खरं, देशापुरतं नाही. दामोदरम संजीवय्या 1962 मध्येच काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते, आणि त्याआधी आंध्रचे मुख्यमंत्रीही. 1970 मध्ये जगजीवनराम झाले. बंगारूंची कहाणी मोठी करायला या दोघांना पुसून टाकायची गरज नव्हती.

‘निर्दोष सोडलं’ ही तर सरळ थाप. 27 एप्रिल 2012 रोजी दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी चार वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड सुनावला. हायकोर्टानं त्याच वर्षी शिक्षा स्थगित केली. अपील पडून असतानाच 1 मार्च 2014 रोजी ते वारले. शिक्षेला स्थगिती म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, एवढं तरी मेसेज लिहिणाऱ्यानं कुठल्याही वकिलाला विचारायचं होतं. आपल्याकडे जामीन मिळाला तरी गुलाल उधळतात, त्यातलाच हा प्रकार.

आता ‘मंत्री नव्हते, मग लाच कसली?’ हा मुद्दा. ग्रुपवर सगळ्यात जास्त अंगठे यालाच पडलेत, म्हणून इथे जरा थांबतो.

बंगारू 1999 नंतर रेल्वे राज्यमंत्री होते, पण ऑगस्ट 2000 मध्ये पक्षाध्यक्ष झाल्यावर मंत्रिपद राहिलं नाही. संरक्षण खातं तर त्यांच्याकडे कधीच नव्हतं. ‘तहलका’ या बातम्यांच्या वेबसाइटच्या पत्रकारांनी ‘वेस्ट एंड इंटरनॅशनल’ नावाची खोटी कंपनी उभी केली आणि लष्कराला अंधारात पाहण्याची उपकरणं विकायची आहेत, असं सांगून त्यांना गाठलं. जानेवारी 2001 मध्ये त्यांनी एक लाखाच्या नोटा घेतल्या. 13 मार्चला टेप बाहेर आल्या, तेव्हा अध्यक्ष नोटा घेऊन टेबलाच्या खणात ठेवताना सगळ्या देशानं पाहिले. अध्यक्षपद लगेच गेलं.

खटला चालला तो भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 9 खाली. हे कलम फक्त खुर्चीवर बसलेल्यासाठी नव्हतंच. सरकारी माणसावर आपलं वजन वापरून काम करून देतो म्हणून पैसे घेतले की ते लागू व्हायचं. तहसीलदार कचेरीबाहेर चहाच्या गाड्याजवळ एक जण फाईल काखेत मारून उभा असतो बघा, ‘आतल्या साहेबांशी आपलं जमतंय, वारसा नोंद आठवड्यात करून देतो’ म्हणणारा. तो नोकरदार नसतो, सहीही करत नसतो. तरीही त्यानं त्या वजनाचे पैसे घेतले तर गुन्हा होतो. 2018 च्या दुरुस्तीनंतर हीच तरतूद कलम 7अ मध्ये आहे. सत्तेतल्या पक्षाच्या अध्यक्षाचं वजन त्या एजंटापेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा ‘मंत्री नव्हते’ हा बचाव कसा काय ठरतो, मला तरी कळत नाही.

पक्षनिधीचं म्हणाल तर बंगारू स्वतःही हेच सांगत राहिले, कोर्टाला ते पटलं नाही. कंपनीला राजकीय देणगी द्यायची तर संचालक मंडळाचा ठराव लागतो, हा नियम 1985 पासूनचा. देणगी घेणारा पावती फाडतो, चेक मागतो. संरक्षण खात्याच्या कंत्राटाची बोलणी चालू असताना रोख नोटा खणात सारत नाही. कंपनी खोटी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, हे खरं. पण मग ती खरी समजूनच पैसे घेतले, असा त्याचा अर्थ होतो की.

‘फक्त एक लाख’ यात मात्र थोडं तथ्य आहे. त्या कलमाखाली तेव्हा जास्तीत जास्त पाच वर्षं होती, त्यातली चार वर्षं त्र्याहत्तरीच्या माणसाला. कडक वाटते, वाटू दे. पण लाच किती रुपयांपासून सुरू होते याची किमान मर्यादा कायद्यात नाही. तशी असती तर उताऱ्यासाठी पाचशे मागणाऱ्याला कुणीच हात लावू शकलं नसतं.

बाकी सगळे सुटले? त्याच टेपांमुळे जॉर्ज फर्नांडिस यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं. ते काही महिन्यांत परत आले, याचा राग मलाही आहे. पण त्यांच्या सहकारी जया जेटली यांना 2020 च्या जुलैमध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, सोबत गोपाल पचेरवाल आणि निवृत्त मेजर जनरल एस. पी. मुरगई यांनाही. जेटलींची शिक्षाही हायकोर्टानं स्थगित केली. एकोणीस वर्षांनी निकाल लागला म्हणून तो कुणाच्या लक्षात राहिला नाही, एवढंच. जातीमुळे बंगारूंना पक्षानं लवकर वाऱ्यावर सोडलं का, हा प्रश्न जरूर विचारा. तो पक्षाला विचारायचा, न्यायालयाच्या निकालाला नव्हे.

राहिलं शेवटचं वाक्य, स्टिंगवाल्यांचं. अख्ख्या मेसेजमध्ये पूर्ण खरं निघायची शक्यता असलेलं हेच एक. स्टिंगला सरसकट मोकळीक आहे असं सुप्रीम कोर्टानंही म्हटलेलं नाही, आणि तहलकानं लष्करी अधिकाऱ्यांसाठी वेश्या पुरवल्या त्याचं समर्थन करायचं कारणच नाही. 2018 पासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावं लागतं. आधीच कळवून सापळ्यासाठी पैसे दिले तर संरक्षण आहे. कर्नाटकात लाचखोरांना सापळा लावायचं काम मधली काही वर्षं एसीबीकडे, म्हणजे लाचलुचपतविरोधी खात्याकडे होतं. ऑगस्ट 2022 मध्ये हायकोर्टानं एसीबी रद्द केली आणि ते परत लोकायुक्त पोलिसांकडे आलं. तक्रार घेतली की नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पूड लावतात, नंबर लिहून घेतात, आणि पैसे घेणाऱ्याची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. तेव्हा मोबाईलचा कॅमेरा खिशात लपवून कचेरीत जायचा बेत असेल, तर आधी बेळगावच्या लोकायुक्त पोलिसांकडे जाऊन या.