कुबडी काखेत रुतवू नका

‘कुबडी काखेत घट्ट बसली की सगळा भार तिच्यावर येतो आणि तोल जात नाही,’ असा सल्ला व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि कृपया घरातल्या कुणाला तसं करायला लावू नका.

हाताच्या नसा काखेतूनच जातात. तिथे सतत दाब पडला की बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. तरीही तसंच चालत राहिलं तर मनगट लुळं पडतं, पंजा वर उचलता येत नाही. पाय बरा होईपर्यंत हात गमावून बसायचा का?

माप असं घ्या. रोजची पादत्राणं घालून, खांदे सैल सोडून उभं राहा. काख आणि कुबडीची गादी यांत दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर ठेवली की ती धरल्यावर कोपर २० ते ३० अंश वाकतं. भार तळहातांवर घ्यायचा; गादी फक्त बरगड्यांशी टेकवायची.

खालची रबरी बुचंही बघा. झिजलेलं बूच ओल्या फरशीवर हमखास घसरतं. मुंग्या आधीच येत असतील, तर आजच फिजिओथेरपिस्टला दाखवा.