छंदवर्गाबाहेर गाडीत बसण्यापेक्षा

मार्च संपत आला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते: सुट्टीत मुलांना कुठल्या छंदवर्गाला घालायचं? कोथरूडमध्ये तबल्यापासून रोबोटिक्सपर्यंत सगळं मिळतं आणि त्यात काही वाईट नाही. आमचा धाकटाही तबल्याला जातो, तिथे माझं काम सोडायचं आणि आणायचं एवढंच. पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट मला अगदी मनापासून पटली आहे. घरात निदान एक तरी छंद असा असावा, ज्यात आईबाप स्वतः उतरलेले असतील, आणि तेही मुलांइतकेच नवखे म्हणून. ज्यातलं घरात कुणालाच आधीपासून फारसं येत नाही, असा निवडला तर सगळ्यात उत्तम.

आमच्याकडे तो छंद म्हणजे पक्षी. २०२० च्या उन्हाळ्यात सगळं बंद असताना गॅलरीसमोरच्या गुलमोहरावर कावळ्यांनी घरटं केलं. लेक तेव्हा पाचवीत जाणार होती, धाकटा बालवर्गात. दिवसभर घरात कोंडलेल्या मुलांना तेवढंच एक हलतं-बोलतं काहीतरी. एक काळा कोकीळ मुद्दाम घरट्याजवळ येऊन ओरडायचा, कावळे त्याच्यामागे धावायचे, आणि तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची कोकिळा पानांत शिरायची. पाऊस सुरू झाल्यावर एक भलतंच पिल्लू कावळ्याच्या मागे मागे चोच उघडून फिरताना दिसलं. "कावळ्याला कळत कसं नाही?" धाकट्याने विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं, त्याच्या बाबांनाही नव्हतं. मग चौघांनी मिळून शोधलं. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असलं तरी रंगाने बरंचसं तसंच असतं, ते आधी फुटतं, त्यामुळे ते पिल्लू वाढीत पुढे राहतं. आणि कोकिळेचं पिल्लू सहसा कावळ्याच्या पिल्लांना घरट्याबाहेर ढकलत नाही, दोन्ही एकत्र वाढतात, हे वाचल्यावर धाकट्याचा जीव भांड्यात पडला.

चौघेही एकाच पायरीवर होतो, हे त्या छंदाचं खरं बळ ठरलं असं मला वाटतं. गणित घेताना मी आई असते आणि मला उत्तर आधीच माहीत असतं. इथे तसं नव्हतं. मुलांनी मला अडखळताना पाहिलं, पुस्तक चाळताना पाहिलं, "थांब, पुन्हा ऐकूया" म्हणताना पाहिलं. आईलाही शिकावं लागतं, हे मुलांना सांगून पटत नाही. दिसावं लागतं.

बाहेर पडायची मुभा मिळाल्यावर वेताळ टेकडी सुरू झाली. पुण्याच्या लोकांना टेकडीचं कौतुक नव्याने सांगायला नको. पण शहराच्या मधोमध समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर मोर, तित्तिर आणि हळद्या एका सकाळीत भेटू शकतात, हे दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकांना सांगताना आजही माझा ऊर भरून येतो. मृगाच्या आसपास नवरंग येतो. दाट झुडपांतून त्याची दोन सुरांची शीळ ऐकू आली की आमची लेक जिथे असेल तिथे थांबते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्पाच्या गुलाबी फुलांवर शिंजिरांची झुंबड असते. (ती झाडं मध्य अमेरिकेतली, इथे लावलेली. मूळचं गवत आणि खुरट्या झुडपांचं माळरान त्यांच्याखाली कमी होत गेलं आणि माळावरच्या पक्ष्यांची जागाही. हे दोन्ही मुलांना माहीत असावं असं मला वाटतं, नुसतं 'झाडं म्हणजे चांगलं' शिकवून भागत नाही.)

धाकट्याला पक्षी तसे बेताचेच आवडतात. तो दुर्बिणीतून दोन मिनिटं बघतो आणि मग खाली वाकतो. पावसाळ्यात त्याचे पैसा किडे, एरवी मुंग्यांची वारुळं. टेकडीच्या मुरमाड वाटेवर मुंग्या मातीच्या पाकळ्या रचून फुलासारखी दारं बांधतात. तिथे तो अर्धा तास बसू शकतो आणि आम्ही त्याला बसू देतो. छंद एकत्र करायचा म्हणजे सगळ्यांनी एकाच गोष्टीकडे बघायचं असं थोडंच आहे! तो मुंग्या बघतो म्हणून आम्हालाही त्या दिसल्या.

सासूबाई भोरकडच्या. टेकडी चढणं त्यांना आता जमत नाही, पण आवाजाच्या ज्ञानात घरात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. लेकीच्या फोनवर आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप आहे. मे महिन्यात एकदा आजी गॅलरीत भाजी निवडत बसल्या होत्या, लेक फोन पुढे धरून वाट बघत होती, आणि ॲपवर नाव उमटायच्या आत आजी म्हणाल्या, "पावशा आहे गं. 'पेरते व्हा' म्हणतोय. रोहिणी लागल्या की आमच्याकडे याच्याच भरवशावर नांगर बाहेर निघायचे." त्या दिवसापासून लेकीच्या वहीत आजीसाठी वेगळा रकाना आहे: गावाकडचं नाव, केव्हा ओरडतो, तेव्हा शेतात काय चालू असतं. आजी आणि नात यांच्यात बोलायला आपसूक विषय मिळाला. तो मी ठरवून दिला असता तर चार दिवसही टिकला नसता.

आजींना घेऊन जाता येतं ते कवडीपाटला. सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडलं की लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. हिवाळ्यात गाडीतून उतरलं की समोरच चक्रवाक असतात. लडाख आणि तिबेटच्या बाजूला घरटी करणारे पक्षी, थंडीत इतक्या लांब येतात. शेकाट्या लांबसडक गुलाबी पायांवर उभे, धोबी शेपटी हलवत काठाकाठाने. आणि त्याच पाण्यावर फेस, काठाला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, वास. पहिल्यांदा गेलो तेव्हा लेकीने विचारलं, "हे पाणी आपल्याच घरचं का?" हो, आपल्याच घरचं. खडकवासल्याचं पाणी आपल्या नळाला येतं, आपल्या मोरीतून आणि संडासातून मुठेत जातं, संगमावर मुळेला मिळतं, इथे कवडीला येतं, पुढे भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात. म्हणजे भिगवणला होडीत बसून आपण ज्या रोहित पक्ष्यांना डोळे भरून बघतो, ते आपल्याच पाण्यात उभे असतात. पर्यावरणाच्या पुस्तकातल्या कितीतरी धड्यांनी जे झालं नसतं ते त्या एका नदीने केलं. आमच्याकडे तेल आता सिंकमध्ये ओतलं जात नाही, आणि यावर लक्ष ठेवायचं काम मुलांनी स्वतःहून घेतलं आहे. २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध लोक मोर्चाने निघाले, तेव्हाही लेकीच्या हातातल्या फलकावर घोषणा नव्हती. तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांची नावं होती. ते तिचं तिला सुचलं होतं.

सुरुवात करणाऱ्यांना एक सांगते. आधी कॅमेरा घेऊ नका. साधी ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरते. आठपट मोठं दिसतं, हात थरथरला तरी चित्र फार हलत नाही आणि पहाटेच्या कमी उजेडातही दिसतं. दुर्बीण या हातातून त्या हातात जाते, "मला दे, मला दे" होतं, "कुठल्या फांदीवर?" असं समजावून सांगावं लागतं. मोठी लेन्स आली की एकजण फोटो काढतो आणि बाकीचे त्याची वाट बघतात. आणि फोटोसाठी फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणं तर मुलांसमोर कधीही करू नये. विणीच्या दिवसांत तो बिचारा सगळं सोडून न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी भांडत बसतो.

आता लेक पंधरा वर्षांची आहे. हिवाळ्यात येणारे वटवटे मला आजही सगळे सारखेच दिसतात, ती नुसत्या आवाजावरून वेगळे करते. बऱ्याच रविवारी ती आमच्याबरोबर नसते, मैत्रिणींबरोबर तळजाईला किंवा सिंहगडाच्या पायथ्याशी जाते. काही नातेवाईक हळहळून विचारतात, "आता येत नाही वाटतं तुमच्याबरोबर?" मला त्यात जराही वाईट वाटत नाही. तिला जे आवडलं ते तिचं झालं, आणि आमच्याबरोबर येते तेव्हा ती स्वतः ठरवून येते. टेकडीवरच्या खाणीच्या काठाला आम्ही दोघी बसतो, नजर पाण्याकडे, आणि मैत्रिणीशी झालेलं भांडण, शाळेतलं काही, पुढे काय करायचं याची धास्ती हे सगळं तिथे बाहेर येतं. जेवणाच्या टेबलावर मी "काय झालं?" विचारलं की उत्तर असतं, "काही नाही."

यंदा तिची दहावी. दिवाळीपासून सल्ले सुरू झाले: टेकडी, पक्षी सगळं वर्षभर बंद. आम्ही बंद केलं नाही. अभ्यास ती करतेच आहे, आणि रविवारच्या दोन तासांनी तिचे मार्क जातील यावर माझा विश्वास नाही. उलट ज्या वर्षी मुलावर सगळ्यात जास्त दडपण असतं, त्याच वर्षी त्याचं आवडतं काढून घेण्याची ही आपली पद्धत मला क्रूर वाटते, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगायला तयार आहे.

फेब्रुवारीत जगभर चार दिवसांची पक्षिगणना असते, आणि दहावीची परीक्षाही त्याच महिन्यात सुरू होते. यावर काय करायचं ते मी सुचवणार होते, पण तिने आधीच ठरवून टाकलं होतं. गणनेला एका जागी पंधरा मिनिटं पुरतात, म्हणून रोज सकाळी अभ्यासाला बसण्याआधी गॅलरीतून मोजायचं. यादी धाकटा लिहिणार, आणि आवाजाची शंका आली तर आजींना उठवायचं, असं तिघांचं आपापसात ठरलं आहे.