डॉल्फिनचा हिशोब

आमच्या कालव्याकडेच्या चालायच्या रस्त्यावर दोन डॉल्फिन होते. फायबरचे, निळेशार, तोंडात दिव्याचा गोळा धरलेले. समुद्र आमच्यापासून दोनशे किलोमीटर लांब. कालव्यात फार तर जलपर्णी आणि गणपतीनंतर निर्माल्याच्या पिशव्या. हे डॉल्फिन कुणी मागितले, कुणी निवडले, किती पैसे पडले, आजतागायत कळलं नाही. दीड वर्षात एकाची शेपटी गेली, दुसऱ्याच्या पोटात गांधीलमाश्यांनी घर केलं. समोरच्या भिंतीवर स्वच्छ सर्वेक्षणाची माणसं यायच्या आधी घाईघाईनं वारली नाच रंगवला होता. दिवाळीनंतर केबलसाठी चर खणला, तेव्हा भिंतीचा खालचा पोपडा निघाला आणि निम्मे नाचणारे कंबरेपासून खाली गायब झाले. (गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर महिनाभर तेच पुरेल.)

मी गणेश मंडळाचा अकरा वर्षं खजिनदार होतो. त्यामुळे एखादी गोष्ट सुंदर आहे की नाही हे मला उशिरा कळतं, पण तिचे पैसे कसे गेले असतील याचा वास लगेच येतो. चालायच्या वाटांवरच्या कलेला पैसा कुठून यावा आणि ती कशी टिकावी, यावर आज लिहितोय ते या नाकाच्या भरवशावर.

गेल्या वर्षी मुलाकडे इंग्लंडला चार महिने होतो. तो न्यूकॅसलला असतो. तिथून बसनं कॉन्सेट नावाच्या गावी जाता येतं. हे गाव पोलादाच्या कारखान्यावर जगायचं. १८४० पासूनचा कारखाना, १९८० साली बंद पडला आणि हजारो माणसं एका झटक्यात घरी बसली. आपल्याकडे गिरण्या गेल्या तेव्हाच्या गिरणगावासारखीच गत. रेल्वेचे रूळही उखडले गेले. त्या मोकळ्या झालेल्या मार्गावर सस्ट्रान्स या संस्थेनं चालायला आणि सायकलला वाट केली. समुद्रापासून समुद्रापर्यंत जाणारी, सव्वादोनशे किलोमीटरची 'सी टू सी' नावाची जी सायकलवाट १९९४ मध्ये सुरू झाली, तिचाच हा तुकडा.

या वाटेवर जागोजागी शिल्पं आहेत, आणि ती तिथलीच आहेत. जुने विजेचे ट्रान्सफॉर्मर जोडून केलेले दोन अवाढव्य पुतळे, एक खाणकामगार, एक लोखंडाच्या कारखान्याचा मालक. जेसीबीच्या भंगारातून केलेल्या गायी. (मुलाला म्हटलं, आपल्याकडे लोक जेसीबीचं खोदकाम बघायला उभे राहतात, इथे त्याच्या गायी बघायला.) आणि जिथे कारखाना होता त्या माळावर टोनी क्रॅग या शिल्पकारानं १९९७ साली उभी केलेली, मूळ आकाराच्या वीसपट मोठी, स्टेनलेस स्टीलची मोजणीची यंत्रं. पोलादाच्या गावात पोलादाचंच काहीतरी. तिथे बाकावर बसलेल्या एका आजोबांनी मला, न विचारता, कारखान्याची भट्टी नेमकी कुठे होती ते काठीनं दाखवलं. आमच्या डॉल्फिनकडे बघून कुणी कुणाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता पैशांकडे येतो. आपल्याकडे हा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी खड्डे बुजवा, मग कला करा." मीही हेच म्हणायचो. पण कॉन्सेटला ही कामं झाली तेव्हा तिथे खड्डे नव्हते असं नाही, गावाचं पोटच खड्ड्यात होतं. शिवाय तो पैसा खड्ड्यांच्या तिजोरीतून आलाच नव्हता. १९९५ मध्ये राष्ट्रीय सायकलमार्गांसाठी मिलेनियम कमिशननं सव्वाचार कोटी पौंड दिले, ते लॉटरीचे. पुढे एका बँकेनं बिडाचे हजारभर मैलाचे खांब करून दिले. चार शिल्पकारांच्या चार घडणी. त्यांचा रंग बऱ्याच ठिकाणी जवळपास राहणारे स्वयंसेवकच मारतात. मी दोन बघितले. एक लाल-निळा टवटवीत, दुसरा पार गंजलेला. म्हणजे तिकडेही सगळं आलबेल नाही. ज्या खांबाला माणूस मिळाला तो जगला.

यॉर्कजवळचा किस्सा तर मला सगळ्यात आवडला. तिथून दिल्ली-मुंबईसारखा मुख्य रेल्वेमार्ग जायचा. खालून कोळसा काढायचा म्हणून १९८३ मध्ये तो दुसरीकडे वळवला आणि जुन्या मार्गाची सायकलवाट झाली. १९९९ साली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्या वाटेवर सूर्यमाला मांडली. एका टोकाला सूर्य, दहा किलोमीटरवर प्लूटो, अंतरं अगदी प्रमाणात, साधारण साडेसत्तावन्न कोटींना एक. या मापानं प्रकाश सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर जातो. म्हणजे गुडघेदुखीवाला मी चालतसुद्धा प्रकाशाला मागे टाकत होतो! शनीपर्यंत जाऊन परत फिरलो. याला अनुदान सांस्कृतिक खात्याचं नव्हतं, विज्ञान लोकांपर्यंत पोचवण्यासाठीचं होतं. केंब्रिजजवळ अशीच एक वाट आहे, रुग्णालयापासून निघणारी. स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या बीआरसीए-२ या जनुकाचे १०,२५७ घटक चार रंगांच्या तितक्याच पट्ट्यांनी डांबरावर उमटवलेत. कलेचा पैसा कलेच्याच खिशातून यावा लागत नाही, हे मला या दोन वाटांवर कळलं.

लंडनच्या पॅडिंग्टन भागातल्या बाकाची गोष्ट वेगळी, पण तितकीच कामाची. २००७ मध्ये टीव्हीवर जनतेचा कौल घेऊन सस्ट्रान्सला लॉटरीतले पाच कोटी पौंड मिळाले. त्या कार्यक्रमात ठिकठिकाणी एकेक बाक आणि त्याच्याजवळ पोलादी पत्र्यातून कापलेल्या तीन माणसाएवढ्या आकृत्या बसवल्या. तिघं कोण, ते त्या भागातल्या लोकांनी ठरवायचं. पॅडिंग्टनकरांनी निवडले मेरी सीकोल ही परिचारिका, गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग आणि पॅडिंग्टन नावाच्या अस्वलाच्या गोष्टी लिहिणारे मायकल बाँड, अस्वलासकट. सांगा, आपल्याकडे तीन नावं निवडायची म्हटलं तर किती बैठका आणि किती मोर्चे होतील? होऊ द्यात. भांडून ठरलेल्या मूर्तीला कुणी शेपटीवरून मोडत नाही, कारण मोडणाऱ्याला गल्लीत राहायचं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कामाचा पैसा ठेकेदाराच्या टेंडरमध्ये 'सुशोभीकरण' या एका ओळीत जाऊ नये. तो त्या वाटेवर रोज चालणाऱ्यांच्या हातात यावा, आणि त्यातला चौथा हिस्सा खर्चच करू नये. मंडळात आम्ही हेच करायचो. मांडवाचे, मूर्तीचे, ढोलाचे पैसे वेगळे, आणि एक रक्कम मुदत ठेवीत, तिला कुणी अध्यक्ष हात लावणार नाही. समजा कालव्याच्या कामाला चार लाख मिळाले. तीन लाखांचं काम करा, एक लाख ठेवीत टाका. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला सात हजार येतात. दर पावसाळ्यानंतर रंग, प्रायमर आणि दोन माणसांची मजुरी निघते. मग केबलवाल्यानं खणलं तरी नाचणाऱ्यांचे पाय परत येतात.

चार लाख कुठून? फिलाडेल्फियानं १९५९ मध्येच पुनर्विकासाच्या बांधकामात एक टक्का कलेसाठी ठेवायची अट घातली होती. आपल्याकडे निदान नव्या पदपथाच्या आणि सायकल ट्रॅकच्या कामात तरी ती घालायला कुणी अडवलंय? पुण्यात २००६ पासून नागरिकांना प्रभागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात, एका कामाला पाच लाखांच्या आसपास. लोक बाक, पदपथ, नावाचे फलक सुचवतात. कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे समाजकामासाठी ठेवायचा पैसाही आहे. २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के, आणि कला-संस्कृती त्याच्या यादीत बसते. फक्त एक गोम आहे. सीएसआरच्या चालू प्रकल्पाला, सुरुवातीचं वर्ष सोडून, तीनच वर्षांची मुदत असते. पुढची वर्षं आपली आपण बघायची. म्हणून उरलेलं वर्गणीतून, पावती फाडून. एकावन्न रुपये दिलेला माणूस मूर्तीपाशी पान थुंकणाऱ्याला हटकतो, हे मी अकरा वर्षं बघितलंय.

आणि काम कुणाला? आमच्याकडे एक पेंटरकाका आहेत. दुकानांचे बोर्ड, ट्रकांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं हातानं. फ्लेक्स आला आणि ब्रश बसला, आता रिक्षा चालवतात. त्यांचं देवनागरी अक्षर बघून मला अजून हेवा वाटतो. त्यांना मानधन हवं, शाल-श्रीफळ नको. मानधनाचा आकडा आधी लिहून घ्यायचा आणि अर्धी रक्कम आगाऊ द्यायची. कलाकाराकडून "समाजासाठी" फुकट काम करून घ्यायची सवय मंडळांनाच जास्त आहे. मीही केलंय, लपवत नाही.

तर गेल्या रविवारी कालव्यावर पंधरा जण जमलो. चहा, वही, वर्गणीची नवी पुस्तकं. मोडके डॉल्फिन काढायला नगरपालिकेत अर्ज दिलाय. त्यांच्या चौथऱ्यावर काय यावं यावरून लगेच जुंपली. पेंटरकाका म्हणतात, आमच्या लहानपणी या कालव्यात मरळ मिळायची, सिमेंटची मोठी मरळ करू. शाळेतल्या पोरांना खेकडा हवाय, कारण खेकडा अजूनही मिळतो. एका काकूंचं म्हणणं, आधी बसायला बाक. अजून ठरलेलं नाही. पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी सातला, पंप हाऊसपाशी.