नवरदेवाला जागा नाही

भाचीचं लग्न ठरलं आणि ताईचा फोन आला, "मंगलाष्टकं तू लिहायचीस."

मी पतसंस्थेत हिशेबनीस. माझं आजवरचं साहित्य म्हणजे शिपायाच्या निरोप समारंभात वाचलेली एक चारोळी. तिच्यातही 'निवृत्ती'ला 'प्रवृत्ती' जुळवताना घाम फुटला होता.

"गुरुजींकडे असतात की छापील."

"त्यात आपल्या घरातलं कोणी नसतं. आजोबांना एक ओळ हवीच. आणि तिकडून मुलाचा काका लिहितोय म्हणे!"

म्हणजे आता प्रश्न घराण्याच्या इभ्रतीचा होता.

मंगलाष्टक शार्दूलविक्रीडित या वृत्तात असतं, हे मला गुरुजींनी सांगितलं. शाळेत वृत्तं मी ऑप्शनला टाकायचो. ती थकबाकी आता वसुलीला आली. त्याचे गण म स ज स त त ग. ओळीत १९ अक्षरं, बाराव्यावर थांबा, आणि कुठलं अक्षर लघू म्हणजे आखूड, कुठलं गुरू म्हणजे लांब हे आधीच ठरलेलं. 'गंगा सिंधु सरस्वती च यमुना गोदावरी नर्मदा' हे शेकडो लग्नांत ऐकलं असेल, पण तेव्हा माझं सगळं ध्यान पंगत कुठे बसणार याकडे आणि मुठीत चिकट होत चाललेल्या अक्षतांकडे. या वेळी पहिल्यांदा बोटांवर मोजलं. १९ अक्षरांत सहा नद्या, आणि भरतीला फक्त एक 'च'! असा चोख ताळेबंद मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

मग आमची माणसं बसवायला घेतली. 'आजोबा' तिन्ही गुरू, ते थेट ओळीच्या आरंभी जाऊन बसले. घरातही पुढची खुर्ची त्यांचीच असते. 'मामा' दोन्ही गुरू. 'वहिनी' चौथ्या जागेवर अगदी मापात. अडला तो 'नवरदेव'. तीन लघू, एक गुरू, पुन्हा लघू. हा शब्द १९ जागांत कुठूनही सरकवून बघा, बसत नाही. ज्याचं लग्न त्यालाच मांडवात जागा नाही! शेवटी 'देव' काढला, तेव्हा कुठे 'नवरा' बसला. लग्नानंतर व्हायचं ते लग्नाआधीच झालं, इतकंच.

रात्री दीडच्या सुमारास एक ओळ आली:

आजोबा नवरीस पाहुन हळू डोळे पुसाया वळे

'वळले' म्हणायचं होतं, पण वृत्तापायी आजोबांना एकेरीत आणावं लागलं. तरी ओळ जुळली. बोटांवर तीनदा मोजली, तिन्ही वेळा १९. तेरीज, म्हणजे जमा-नावेच्या बेरजा, जुळल्यावर जे होतं तेच झालं, फक्त या वेळी डोळ्यांत पाणीही आलं. हिशेबात तसं फरक सापडला नाही की होतं.

तिथून बिघडलोच. वाचनालयातून कवी माधव ज्यूलियन यांचा वृत्तांवरचा ग्रंथ 'छंदोरचना' आणला. याच ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ साली डी. लिट. दिली. मग बहिणाबाई वाचल्या. त्यांना अक्षरओळखसुद्धा नव्हती, आणि मी इथे बोटं मोडतोय.

लग्नात माझी ओळ आली तेव्हा माइक कुईं करून किंचाळला, आणि मागच्या रांगेतल्या पोरांनी 'सावधान'ची वाट न पाहता अक्षता फेकल्या. आजोबांना काही ऐकू आलं नाही. ते खरंच डोळे पुसत होते, पण डोळ्यात तांदूळ गेला होता.

मला मात्र मोजल्याशिवाय राहवत नाही. परवा सकाळी दूध ठेवून पेपर घेऊन गॅलरीत बसलो. स्वयंपाकघरातून ही ओरडली,

"पुन्हा गॅस चालूच ठेवून गेले!"

मी धावत आत गेलो. ओट्यावर दुधाचा ओघळ, फडकं हातात, आणि माझी बोटं आपोआप चाललेली. ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू: लगागा, लगागा, लगागा, लगागा. मनाच्या श्लोकांचंच वृत्त!

"अगं, हे भुजंगप्रयात आहे!"

"कुठाय?" म्हणत ती स्टुलावर चढली.

"नाही गं, तू म्हणालीस ते. पुढची ओळ म्हण ना."

पुढची ओळ तिने म्हटली. ती मुक्तछंदात होती.