ती एकटी नव्हती: रोलिंगच्या नावाने फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात वाचनालयात एक मुलगी मोबाइल माझ्यापुढे धरून उभी राहिली. मुलगी कसली, सत्तावीस-अठ्ठावीसची बाई आहे. पण आठवीत असल्यापासून आमच्याकडे येते, म्हणून माझ्या तोंडी मुलगीच येतं. सध्या ती माहेरी, भावाकडे राहते आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास करते. अडीच वर्षांचा मुलगा बालविभागातल्या सतरंजीवर झोपला की तिला तास-दीड तास मिळतो, तेवढाच. ‘काकू, दादाने हे पाठवलंय. खाली काय लिहिलंय बघा.’ खाली दादाने स्वतः लिहिलं होतं: ‘ती करू शकली, मग तुला काय अडचण आहे?’

मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. थोडक्यात असा: हॅरी पॉटरची लेखिका जे. के. रोलिंग. घटस्फोट झालेला, पदरात तान्ही मुलगी, खिशात दमडी नाही. घर गरम ठेवायला पैसे नव्हते म्हणून कॅफेत बसून नॅपकिनवर कादंबरी लिहिली. कुणाचाही आधार नव्हता. बारा प्रकाशकांनी हाकलून दिलं तरी हार मानली नाही. पुस्तक आलं आणि ती रातोरात अब्जाधीश झाली. पुढे इतकं दान केलं की अब्जाधीशांच्या यादीतून नाव गेलं. आणि शेवटी, ‘लक्षात ठेवा, परिस्थिती हे फक्त निमित्त असतं!’

यातली काही वाक्यं खरी आहेत, काही अर्धवट खरी, काही साफ खोटी. म्हणून एकेक घेऊन उत्तर देते. रोलिंगच्या आजच्या मतांवरून, विशेषतः ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दलच्या, मोठा वाद चालू आहे. तो विषय वेगळा. मी लिहितेय ते मुख्यतः १९९० ते १९९७ या सात वर्षांबद्दल.

‘घर गरम ठेवायला पैसे नव्हते म्हणून कॅफेत लिहिलं’

हे तिने स्वतःच पुन्हा पुन्हा खोडून काढलं आहे. स्कॉटलंडमधल्या एडिनबरात भर हिवाळ्यात विनाहीटरची जागा भाड्याने घेण्याइतकी मी खुळी नव्हते, अशा अर्थाचं ती बोलली आहे. कॅफेत जायचं कारण साधं होतं. मुलगी बाबागाडीत फिरवली की झोपायची. ती झोपली रे झोपली की आई जवळच्या कॅफेत शिरायची आणि वही उघडायची. निकल्सन्स नावाच्या ज्या कॅफेत ती जास्त बसली, त्याच्या मालकांत तिच्या बहिणीचा नवरा होता. एका कॉफीवर दोन तास बसलं तर कोण उठवणार?

त्याच शहरात एलिफंट हाउस नावाचं दुसरं कॅफे आहे. हॅरी पॉटरचा जन्म इथलाच, असं ते वर्षानुवर्षं सांगत आलं. २०२० मध्ये तिने स्पष्ट केलं की तिथे पाऊल टाकण्याआधी कित्येक वर्षं ती हे पुस्तक लिहीत होती. कागदावर पहिल्यांदा पेन टेकलं ते लंडनमधल्या क्लॅपहॅम जंक्शनजवळच्या भाड्याच्या खोलीत. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात लेलो नावाचं एक देखणं पुस्तकांचं दुकान आहे. पुस्तकातली जादूची शाळा हॉगवर्ट्स त्यावरून सुचली म्हणून लोक तिकीट काढून रांगा लावतात. त्या दुकानात मी कधी गेलेच नाही, असं ती म्हणाली.

नॅपकिनचं म्हणाल, तर कागद हाताशी नसताना आपण सगळ्यात भारी कशावर लिहिलं, हेही तिने सांगितलंय: विमानातल्या उलटीच्या पिशवीवर. हॉगवर्ट्सच्या चार हाउसची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गटांची, नावं तिथे लिहिली गेली.

हीटरचा मुद्दा मी इतका धरून बसले, कारण त्या एका खोट्या तपशिलाने गोष्टीचा रोखच बदलतो. थंडीने कुडकुडणारी बाई डोळ्यांत पाणी आणते. बाळाच्या झोपेच्या वेळा मोजून काम उरकणारी बाई आपल्या प्रत्येक घरात आहे, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बाळाची झोप हीच रोलिंगची कामाची पाळी होती. सतरंजीशेजारी मांडी घालून बसलेल्या आमच्या वाचनालयातल्या त्या मुलीचीही तीच आहे.

‘कुणाचाही आधार नव्हता’

या वाक्याचा मला खरा राग आहे, म्हणून इथे जरा थांबते.

हाल झाले नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही. डिसेंबर १९९० मध्ये तिची आई मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने गेली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर ती इंग्रजी शिकवायला पोर्तोला गेली, तिथे १९९२ मध्ये लग्न केलं, १९९३ च्या जुलैत मुलगी झाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते लग्न मोडलं. त्या घरात मारहाण होती, हस्तलिखित अडकवून ठेवलं गेलं, हे तिने पुढे जाहीरपणे सांगितलं. २०२३ मधल्या एका पॉडकास्ट मुलाखतीत ती म्हणाली की रोज थोडी थोडी पानं ती कामावर नेऊन झेरॉक्स करत असे, म्हणजे पळून जायची वेळ आली तर पुस्तक तरी वाचेल. पर्समध्ये चार पानं घालून, चेहऱ्यावर काही न दाखवता, कामावर निघालेली बाई डोळ्यांपुढे आणा. हे धैर्य तिचंच होतं, ते कुणी हिरावून घेऊ नये.

पण त्या झेरॉक्सला मशीन लागलं, आणि मशीनपर्यंत पोचायला नोकरी लागली. पोर्तो सोडून ती एडिनबरालाच का गेली? तिथे तिची सख्खी बहीण राहत होती. बॅगेत तीन प्रकरणं आणि कडेवर बाळ घेऊन ती बहिणीच्या शहरात उतरली. जागेची अनामत भरायला एका जुन्या मित्राने ६०० पौंड उसने दिले. सरकारकडून आठवड्याला सुमारे ७० पौंड भत्ता मिळायचा. तेवढ्यात बाळासकट भागवणं म्हणजे ओढाताणच होती, पण तो भत्ता दर आठवड्याला यायचा आणि त्यावर घर चालायचं.

त्या काळात तिला नैराश्य आलं, इतकं की मरणाचे विचार येत. ती सरकारी आरोग्यसेवेच्या डॉक्टरकडे गेली. नेहमीची डॉक्टर रजेवर होती. बदलीवरच्या डॉक्टरने, मन उदास झालं तर नर्सशी बोला, असं सांगून वाटेला लावलं. दोन आठवड्यांनी नेहमीची डॉक्टर परतली, तिने जुन्या नोंदी चाळल्या आणि स्वतः फोन करून बोलावून घेतलं. मग समुपदेशन सुरू झालं. पुस्तकातले डिमेंटर, माणसातला सगळा आनंद शोषून घेणारे ते काळे जीव, या आजारपणातून आले. आपल्याकडे किती बायांच्या नोंदी कुणीतरी अशा पुन्हा उघडून बघतं?

शिवाय ती एक्सेटर विद्यापीठाची पदवीधर होती, १९८६ ची. फ्रेंच आणि ग्रीक-लॅटिनचा अभिजात वारसा शिकलेली. पुस्तकातले मंत्र अर्धेअधिक लॅटिन वाटतात, ते उगाच नाही. लंडनमध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांच्या संस्थेच्या कचेरीत काम करताना तिने छळ भोगलेल्या माणसांच्या जबान्या वाचल्या होत्या. एडिनबरात तिने पुस्तकाच्या जोडीला शिक्षक होण्याचं प्रशिक्षणही पूर्ण केलं. म्हणजे पुस्तक चाललं नसतं तर शाळेत फ्रेंच शिकवायची तयारी झाली होती. आणि १९९७ मध्ये स्कॉटिश आर्ट्स कौन्सिलने तिला पुढच्या लेखनासाठी ८,००० पौंडांचं अनुदान दिलं. तेही जनतेचेच पैसे.

बहीण, मित्र, भत्ता, डॉक्टर, पदवी, अनुदान. मेसेजने हे सगळं गाळलं आणि एकटी बाई तेवढी उरवली. तिचे कष्ट याने कमी होत नाहीत. २००८ मध्ये हार्वर्डच्या पदवीदान समारंभात ती म्हणाली की आधुनिक ब्रिटनमध्ये बेघर न होता जितकं गरीब असता येतं, तितकी मी गरीब होते. त्याच भाषणात तिने हेही सांगितलं की स्वतःच्या प्रयत्नाने गरिबीतून वर येणं अभिमानाचं आहे, पण गरिबीचं कौतुक फक्त मूर्ख करतात. मेसेज लिहिणाऱ्याने हे भाषण बहुधा ऐकलं नसावं.

‘बारा प्रकाशकांनी हाकलून दिलं, पण हार मानली नाही’

बारा नकार आले हे खरं. पण दारोदार ती फिरत नव्हती. प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवणारा तिचा एजंट होता, क्रिस्टोफर लिटल. एजंटांचे पत्ते तिने एडिनबराच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून शोधले. पहिल्या एजंटने साभार परत केलं, दुसरा लिटल. त्याच्या कचेरीत मुलांची पुस्तकं सहसा घेत नसत, त्यामुळे ही फाइलही परत पाठवायच्या ढिगात गेली होती. तिथे काम करणाऱ्या ब्रायनी एव्हन्सने ती चाळायला म्हणून उचलली आणि वाचतच बसली.

सुमारे ९०,००० शब्दांचं पुस्तक मुलं वाचणार नाहीत, असं तेव्हा प्रकाशनात मानलं जायचं. ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेचा बालविभाग मात्र नवा होता, आणि त्याचे प्रमुख बॅरी कनिंगहॅम यांना ते आवडलं. अध्यक्ष नायजेल न्यूटन यांनी पहिलं प्रकरण घरी नेऊन आठ वर्षांच्या मुलीला दिलं, तर ती पुढचं कुठे आहे म्हणून मागे लागली.

होकार आल्यावरही काय झालं पाहा. कनिंगहॅमनी तिला प्रेमाने सल्ला दिला की नोकरी बघा, मुलांच्या पुस्तकांवर पोट भरत नाही. आणि बाईने लिहिलेलं पुस्तक मुलगे हातात घेणार नाहीत म्हणून नाव आद्याक्षरांचं करायला लावलं. तिचं नाव नुसतं जोअ‍ॅन. मधलं नावच नव्हतं, म्हणून आजीच्या कॅथलीनवरून ‘के’ घेतला. चिकाटीचे गोडवे गाणाऱ्या मेसेजात हे कुठेच नाही. तिची चिकाटी खरीच, पण ढिगातून फाइल उचलणारा एक हातही लागला. तो हात न मिळालेल्या लिहित्या बाया हार मानणाऱ्या होत्या, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

‘रातोरात’

कल्पना सुचली १९९० मध्ये, मँचेस्टरहून लंडनला येणाऱ्या, चार तास रखडलेल्या आगगाडीत. जवळ चालणारं पेन नव्हतं आणि कुणाकडे मागायला ती लाजली, म्हणून सगळं डोक्यातच जुळवत बसली. पुस्तक आलं २६ जून १९९७ ला. मधे सात वर्षं, आईचा मृत्यू, एक लग्न, एक बाळंतपण, दोन देश. आईला हॅरीबद्दल सांगायचंच राहून गेलं, ही खंत तिने अनेकदा बोलून दाखवली आहे. हॅरीला आरशात मेलेले आईवडील दिसतात ते प्रकरण पुन्हा वाचा. मला तरी ते कोरड्या डोळ्यांनी वाचता येत नाही.

पहिल्या आवृत्तीच्या पुठ्ठाबांधणीच्या प्रती छापल्या फक्त ५००. त्यातल्या ३०० ग्रंथालयांत गेल्या. ग्रंथपाल म्हणून हा आकडा मी कुठेही सांगते. तिचे पहिले वाचक बरेचसे असे होते की ज्यांनी पुस्तक विकत घेतलं नाही, वाचनालयातून नेलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या स्कोलॅस्टिक प्रकाशनाने १,०५,००० डॉलर देऊन तिकडचे हक्क घेतले, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांचं लक्ष गेलं. मोठी श्रीमंती आली ती पुढच्या पुस्तकांनी आणि २००१ पासूनच्या चित्रपटांनी.

आमच्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या, वाचनालयात मराठी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ची एकच प्रत आहे. पुठ्ठा दोनदा बदललाय, पाठ मी दाभणाने शिवली आहे आणि शेवटची चार पानं वेगळी दोऱ्यात ओवून ठेवली आहेत. अनुदानाचा हप्ता आला की आधी वीजबिल जातं. तरी ती प्रत कपाटात राहत नाही, एकाने परत केली की दुसरा दारातच उभा असतो.

‘इतकं दान केलं की यादीतून नाव गेलं’

श्रीमंतांच्या याद्या छापणाऱ्या फोर्ब्स मासिकाने २००४ मध्ये तिला अब्जाधीश ठरवलं आणि २०१२ च्या यादीतून वगळलं, हे खरं. आपण अब्जाधीश नाही, असं ती मधल्या काळातही सांगत होती. दान तिने भरपूर केलं. आईच्या नावाने एडिनबरा विद्यापीठात मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांचं क्लिनिक उभं राहावं म्हणून २०१० मध्ये १ कोटी पौंड दिले. पण वगळताना फोर्ब्सने दानाबरोबर दुसरं कारणही दिलं होतं: ब्रिटनमधला जबर आयकर. मेसेजने दान ठेवलं आणि कर कापला.

करावर ती स्वतः लिहून मोकळी झाली आहे. एप्रिल २०१० मध्ये लंडनच्या टाइम्समधल्या लेखात तिने म्हटलं की कर वाचवायला मी परदेशी जाऊन राहिले नाही, कारण माझं आयुष्य कोसळलं तेव्हा याच देशाच्या कल्याणकारी व्यवस्थेने मला झेललं, आणि त्या व्यवस्थेची मी ऋणी आहे. एकट्या पालकांसाठी काम करणाऱ्या जिंजरब्रेड या संस्थेचं अध्यक्षपदही तिने घेतलं. जिच्या नावाने ‘परिस्थिती हे फक्त निमित्त’ असं फिरवलं जातं, ती बाई आयुष्यभर परिस्थितीबद्दलच बोलत आली आहे.

हे सगळं मी त्या दादालाही लिहून पाठवलं. मुलगा वाईट नाही. बहिणीला उभारी यावी म्हणूनच त्याने मेसेज पाठवला असणार. खाली एक ओळ जास्तीची घातली: परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी पाच ते सात भाच्याला बाहेर फिरवून आणशील का? निळ्या टिक आल्या आहेत, उत्तर अजून नाही. तोवर पोरगं सतरंजीवर झोपतंय आणि मी टेबलफॅन त्याच्याकडे वळवून ठेवते.