तुरुंगातल्या चपला आणि व्हॉट्सॲपवरच्या थापा

'तुरुंगातून घडले कलावंत! हा इतिहास तुम्हाला शाळेत शिकवला नाही' अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. खाली हात जोडलेले, मग तिरंगा, मग 'किमान पाच ग्रुपवर पाठवा'. असलं काही आलं की मी अंगठ्याने वर सरकवते आणि कामाला लागते. पण दहावीतल्या भाच्याने तो मजकूर इतिहासाच्या प्रकल्पासाठी जसाच्या तसा वहीत उतरवला आणि 'मावशी, एकदा बघून घे ना' म्हणून पानाचा फोटो पाठवला. अक्षर सुंदर आहे. मजकूर बघून डोकं फिरलं.

त्यात पाच दावे आहेत. एक, भारतातल्या तुरुंगांत चपला शिवायचं काम महात्मा गांधींनी येरवड्यात सुरू केलं, त्याआधी कैदी नुसती खडी फोडायचे. दोन, इंग्रजांनी कैद्यांना कलावंत केलं, राणीच्या महालातला गालिचा हा त्याचा पुरावा. तीन, तुरुंगात ज्याला त्याला 'पिढीजात' काम देत, चांभाराला चामडं आणि सुताराला लाकूड, म्हणून कला टिकल्या. आता कोर्टाने ते बंद केल्यामुळे चर्मकला मरणार. चार, कैदी बसून खातात आणि वर बाहेरच्या मजुरापेक्षा जास्त कमावतात. पाच, फुकटच्या मजुरीने केलेला तुरुंगातला माल कोल्हापुरी चपलेच्या कारागिरांच्या पोटावर पाय देतो.

चौथ्यात कैदी बाहेरच्यापेक्षा जास्त कमावतो आणि पाचव्यात फुकट राबतो. पाच ग्रुपवर पाठवणाऱ्यांपैकी एकालाही हे खटकलं नसेल?

तिसरा दावा आधी घेते. बाकीचे अडाणीपणाचे आहेत, हा विषारी आहे.

'कोर्टाने बंद केलं' म्हणजे नेमकं काय बंद केलं, ते मजकुरात कुठेच नाही. तो निकाल 3 ऑक्टोबर 2024 चा. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी तुरुंगांतल्या जातिभेदावर बातमीदारी केली, मग त्याच विषयावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांनी निकाल दिला. 148 पानांचा आहे, कोणालाही वाचता येतो. त्यात राज्याराज्यांच्या कारागृह नियमावल्यांतली कलमं समोर ठेवली आहेत. पश्चिम बंगालच्या नियमांत सफाईसाठी कैदी निवडायचे ते मेहतर किंवा हाडी जातीचे, नाहीतर चांडाळ वगैरे. राजस्थानच्या जुन्या नियमांत स्वयंपाकाला ब्राह्मण किंवा पुरेसा उच्चवर्णीय हिंदू. उत्तर प्रदेशच्या नियमांत साध्या कैदेतल्या माणसाला हलकं काम सांगायचं नाही, पण तो अशा कामाची 'सवय' असलेल्या वर्गातला किंवा समाजातला असेल तर खुशाल सांगायचं.

ही 'सवय' म्हणजेच फॉरवर्डमधलं 'पिढीजात कौशल्य'. शब्दाला नुसती इस्त्री केली आहे.

आणि कला टिकली म्हणता, तर मेहतराला पिढ्यानपिढ्या संडास साफ करायला लावून कुठली कला टिकली? ती मरेल म्हणून कोणी गळा काढलेला मी तरी वाचला नाही. चामड्यापासून चप्पल होते, ती दिवाणखान्यात मिरवता येते, म्हणून तेवढ्या एका जातीच्या सक्तीला 'वारसा' म्हणायचं. त्याच नियमावलीच्या त्याच पानावरची बाकीची सक्ती मात्र झाकून ठेवायची.

न्यायालयाने काय केलं, तर जातीवरून काम वाटणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. समानतेचं 14 वं कलम, भेदभावाविरुद्धचं 15 वं, अस्पृश्यतेविरुद्धचं 17 वं, जगण्याच्या हक्काचं 21 वं आणि वेठबिगारीविरुद्धचं 23 वं, या सगळ्यांचा भंग होतो असं म्हटलं. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि नियमावल्या सुधारायला राज्यांना तीन महिने दिले. तुरुंगात चपला शिवू नका, असं एक वाक्यही त्यात नाही. ज्याला शिकायचंय त्याला शिकवा, आडनाव बघून चामडं कापायची रापी हातात देऊ नका, एवढाच त्याचा अर्थ.

आता कौशल्य रक्तात असतं का, तेही बघू. कोल्हापुरीचंच घेऊ, कारण फॉरवर्डवाल्यांना तिचा फार कळवळा. कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं. मग तळ कापायचा, टाच लावायची, दोन बाजूंना कान बसवायचे, त्यातून पट्टा ओवायचा, अंगठा, मग वेणी. शिलाई दोऱ्याची नाही, चामड्याच्याच बारीक वादीची, आणि अस्सल जोडात खिळा शोधून सापडत नाही. आरीने भोक पाडताना ती किती तिरकी धरायची हे हाताला कळायला बराच काळ जावा लागतो. भोक मोठं झालं तर वादी सैल बसते आणि पावसाळ्याआधीच कान निसटतो. वेणी बरेचदा घरातल्या बायका घालतात, त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं. हे सगळं शेजारी बसून, चार कातडी वाया घालवून शिकायचं काम आहे. चांभाराच्या घरात मूल लहानपणापासून शेजारी बसतं म्हणून त्याला येतं. तुरुंगात पाटील बसला तर त्यालाही येईल आणि जोशी बसला तर त्यालाही. फरक एवढाच की तिथे रापी आणि आरी सकाळी मोजून मिळते आणि संध्याकाळी मोजून परत द्यावी लागते.

याला पुरावा फॉरवर्डनेच दिलाय, पहिल्या दाव्यात. गांधी! जन्माने मोढ वाणी. चपला शिवायला शिकले ते जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्म या त्यांच्या वसाहतीत, 1910 नंतर. शिकवणारे हर्मन कॅलनबाख जर्मन ज्यू वास्तुविशारद, आणि ते स्वतः शिकून आले होते मरियनहिलच्या ख्रिस्ती मठातल्या साधूंकडून. साधूंकडून ज्यू वास्तुविशारद, त्याच्याकडून वाणी बॅरिस्टर. सांगा आता, यातलं कोणतं कौशल्य पिढीजात? जो मजकूर पहिल्या ओळीत गांधींना चपला शिवायला बसवतो, तोच तिसऱ्या मुद्द्यात ज्याचं काम त्यानेच करावं म्हणतो.

पहिल्या दाव्यात खरं किती, तेही सांगून टाकते. गांधींनी तुरुंगात चपला शिवल्या, हे खरंच आहे. पण तो तुरुंग दक्षिण आफ्रिकेतला. तिथे केलेला जोड त्यांनी 1914 मध्ये तो देश सोडताना तिथल्या सरकारातल्या जनरल स्मट्सना भेट दिला. ज्याने तुरुंगात टाकलं त्यालाच. स्मट्सनी तो बरेच उन्हाळे वापरला आणि 1939 मध्ये, गांधींच्या सत्तरीच्या निमित्ताने, एवढ्या मोठ्या माणसाच्या पादत्राणांत उभं राहायची आपली लायकी नाही अशा अर्थाचं लिहिलं. येरवड्यात गांधींच्या हातात होती ती टकळी आणि चरखा. पेटीत घडी करून ठेवता येणाऱ्या चरख्याला 'येरवडा चक्र' म्हणतात ते त्यामुळेच. तुरुंगातले कारखाने मात्र त्यांच्या कितीतरी आधीचे. बंगालमध्ये 1855 पासून फ्रेडरिक मुआट हे तुरुंगांचे महानिरीक्षक होते आणि कैद्यांना उत्पादक कामाला लावावं यासाठी ते हटून बसले होते. येरवडा तुरुंग बांधला गेला 1871 मध्ये, गांधी तेव्हा दोन वर्षांचे.

दुसरा दावा इंग्रजांच्या उपकारांचा. गालिचा खरा आहे. विंडसरच्या राजवाड्यातल्या वॉटर्लू चेंबरमध्ये आहे, आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला, 1894 चा. साधारण 24 मीटर लांब, 12 मीटर रुंद, सांधा नाही, वजन दोन टनांच्या आसपास. 1992 मध्ये राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नासेक सैनिक लागले. येरवड्याच्या तुरुंगातही विजापूरच्या आसार महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकला विणल्या गेल्या, आणि त्या उत्तम होत्या असं मानायला माझी हरकत नाही. पण विणणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव ठाऊक आहे का कोणाला? 'कलावंत केलं' म्हणताना निदान एक कलावंत दाखवावा. तेच सरकार अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये काय करत होतं, ते मराठी घरांत वेगळं सांगायला नको. नारळाचा काथ्या कुटायचा, आणि कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, बैलासारखं जुंपून दिवसाला 30 पौंड खोबरेल काढायचं. ज्या 1894 साली गालिचा पुरा झाला त्याच साली आलेल्या कारागृह कायद्यात मजुरीची मर्यादा दिवसाला नऊ तास लिहिली आहे. कोलूवर घाण्याचा कोटा संपेपर्यंत सुटका नव्हती.

जातीचं खूळ तुरुंगात शिरलं कसं, त्याचाही धागा इथेच आहे. 1855 मध्ये बिहारमधल्या आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीचे द्यायला लागले. मातीचं भांडं एकदा विटाळलं की धुऊन शुद्ध होत नाही, म्हणून दंगा झाला, मुझफ्फरपुरात तर गावातले लोकही रस्त्यावर आले, आणि लोटे परत द्यावे लागले. पाठोपाठ 1857. त्यानंतर साहेबाने जातीला हात लावायचं टाळलं, उलट ती नियमावलीत लिहून टाकली. म्हणजे ज्याला हा फॉरवर्ड 'पिढीजात' म्हणतो, ती व्यवस्था साहेबाने डोकेदुखी नको म्हणून केलेली कारकुनी सोय आहे. नंतर आपल्या सरकारांनी ती खाडाखोड न करता पुढे चालवली, हा दोष मात्र आपलाच.

आणि जन्मावरून माणसाला कामाला जुंपण्याची हौस तुरुंगाच्या भिंतीत थांबली नाही. सोलापूरकरांना 'सेटलमेंट' हा पत्ता माहीत आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्ख्या जमाती तारेच्या कुंपणात ठेवल्या, हजेरी लावली आणि गिरण्यांना मजूर पुरवले. 31 ऑगस्ट 1952 ला ते लोक विमुक्त झाले. 2024 च्या निकालात विमुक्त जमातींचाही विषय आहे, कारण 'सराईत गुन्हेगार' हा शिक्का नियमावल्यांत अजून त्यांच्याच कपाळी येत होता. हे वाचायचं नाही आणि 'कला टिकल्या' म्हणायचं.

चौथा. कैदी बसून खातात. भारतातल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला चालू आहे, शिक्षा झालेलीच नाही. त्यांना सक्तीने कामाला लावताच येत नाही. सक्तमजुरीवाल्यांना लावता येतं, पण मजुरी द्यावी लागते. गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये ते स्पष्ट केलं: रास्त मजुरी द्या, त्यातून जेवणाकपड्याचा खर्च कापायला हरकत नाही, काही भाग गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढा. महाराष्ट्रात 2023 मध्ये दर वाढवल्यानंतरही चार भिंतींआडच्या (खुल्या नव्हे) तुरुंगातल्या कुशल कैद्याची दिवसाची मजुरी शंभर रुपयांच्या आतच आहे. शंभर रुपयांत बाहेर कुठला मजूर मिळतो, तो पत्ता मला पाठवा, माझ्या बाथरूमचं काम अडलंय.

पाचव्यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते मान्य करताना जिवावर येतंय. तुरुंगातल्या स्वस्त मजुरीने बाहेरच्या कारागिराचं नुकसान होतं ही तक्रार जुनी आहे आणि खरी होती. मुंबईत बरीच वर्षं काढलेल्या जॉर्ज बर्डवुड या इंग्रज डॉक्टरने 1880 मध्येच लिहून ठेवलं होतं की सरकारी तुरुंगांनी गालिच्यांचा धंदा नासवला, भाव पाडले आणि दर्जाही घालवला. एका बाजूला पोटासाठी विणणारा, दुसऱ्या बाजूला सरकारने जेवू घातलेला. कसली डोंबलाची स्पर्धा?

पण ही तक्रार उचलून आजच्या कोल्हापुरीला चिकटवता येत नाही. महाराष्ट्रातल्या तुरुंगांच्या कारखान्यांचा बराचसा माल सरकारी खात्यांनाच जातो: लाकडी फर्निचर, गणवेश, सतरंज्या. उरलेला त्यांच्या विक्री केंद्रांत आणि दिवाळीच्या मेळाव्यांत. नाशिकरोडच्या कैद्यांनी गणपतीच्या मूर्ती केल्या म्हणून पेणचा कारखाना बंद पडला नाही. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तिच्या कारागिराचा भाव पाडतात ते 'कोल्हापुरी' म्हणून खपणारे रेक्झिनचे आणि यंत्रावरचे जोड. त्यात मार्च 2015 मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि त्यांचं कातडं बाजारातून आटलं. त्यावर मात्र हे फॉरवर्डवाले एक ओळ लिहीत नाहीत, कारण ती पाच ग्रुपवर पाठवली तर निदान तीन ग्रुपमधून काढून टाकतील.